वाघरात आली का

मी देव मानत नव्हते, पण जात मानत होते. हे आज हसत लिहिते आहे, कारण त्या वेळी मी स्वतःला मोठी विचारी समजायचे. अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे ऐन मूर्खपणात. शाळेत मास्तरीण, अवसरीच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं वाचलेली. आणि धाकट्या लेकीनं, सुशीनं, बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा "एक गेली तर गेली, दोघी आहेत," असं म्हणून दार लावून घेतलेलं. सहा वर्षं ते दार मी उघडलं नाही.

सहाव्या वर्षी आमच्या ह्यांना मंचरला दवाखान्यात ठेवलं. काळीज थकलंय, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती बाई आपल्या सासूची सेवा करत होती. दुपारी ती येशूचं शुभवर्तमान वाचत बसायची. मला पुस्तक दुसऱ्याच्या हातात बघवत नाही. मागून घेतलं आणि चुका काढायला बसले. पाण्यावर चालणं वाचून हसले. पाच भाकरींत हजारो जेवले, तिथं म्हटलं, "वाढपी हुशार असणार." ती बाई रागावली नाही, उलट तीही हसली. मला ते जरा लागलंच.

मग मेंढराची गोष्ट आली. शंभरांतलं एक हरवतं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्यामागं जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. ह्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, "बघा तुमच्या धंद्याचं काय लिहिलंय. आपल्याकडं बिबट्यानं नव्व्याण्णवांचा फडशा पाडला असता. आणि अख्खं मेंढरू खांद्यावर? पाय नव्हते का त्याला?"

हे म्हणाले, "नव्व्याण्णव वाघरात आसत्यात, मास्तरीण." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "एकटं पडल्यालं मेंढरू भितं. बसकन मारतं. हाक मारून येत न्हाई, वढून येत न्हाई. उचलूनच आणावं लागतं. ज्यानं लिवलं त्येला मेंढरं ठाऊक व्हती." थोड्या वेळानं भिंतीकडं बघत म्हणाले, "आपलं एक भायेर हाय."

मी व्हरांड्यात जाऊन सुशीला फोन केला. "तात्या आजारी आहेत, ये," इतकंच म्हटलं, वर्गात हजेरी घेतल्यासारखं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. परत येऊन ह्यांना सांगितलं, "येत नाही ती."

"बसली आसंल," हे म्हणाले.

ती ख्रिस्ती बाई ऐकत होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही जा. दोघांकडं बघते मी."

सुशीच्या डिंगोऱ्याच्या घराचा पत्ता कुणाला विचारावा लागला नाही; सहा वर्षं तो मला तोंडपाठ होता. मग तिला हरवलेली तरी कशी म्हणायची? सुशी खरोखरच उंबऱ्यात बसली होती, फोन मांडीवर. म्हणाली, "मला भीती वाटते गं. तू परत हाकललंस तर?" मी शेजारी बसले, तिच्या चपला ओढल्या आणि लहानपणी घालायचे तशा तिच्या पायांत घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा हे गेले होते. तासभर झाला होता. ती बाई अजूनही ह्यांचा हात धरून होती. म्हणाली, "एकच विचारत होते, वाघरात आली का, वाघरात आली का. तो शब्द मला कळला नाही, पण मी 'आली' म्हटलं. मग शांत झाले. खोटं बोलले असेन तर माफ करा."

मी वेळ मोजून पाहिली. त्या घटकेला आम्ही नारायणगावच्या स्टँडवर एसटीत होतो, आणि सुशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

पुस्तक त्या बाईनं परत घेतलं नाही. अजून वाचते, निम्मं पटत नाही, पाण्यावरचं तर नाहीच. वाया घालवलेली सहा वर्षंही कुणी परत देणार नाही, आणि ती मागायचं तोंड मला नाही. पण माझ्या हाती काहीच उरलं नव्हतं तेव्हा एका अनोळखी बाईनं माझ्या वतीनं उत्तर दिलं, आणि ते खरं होतं. कुणी दिलं म्हणावं, यावर मी आता भांडत नाही. हात जोडते.