ढुलंग कोणाची

आमच्या गावचे मुखरूभाऊ दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी रचतात. गाणी पुष्कळ, छापलेलं एकही नाही. दंडार संपते, लोक धानाच्या बांधीत जातात, आणि गाणं कोणी केलं हे कोणी विचारत नाही. भाऊंना त्याचं काही वाटत नसावं असं मला वाटायचं. मी त्यांचा शेजारी, एवढाच माझा अधिकार.

एकदा त्यांना 'मृदंग'शी जुळणारा शब्द हवा होता. रंग, दंग, संग सगळे वापरून झाले होते. तेव्हा त्यांनी 'ढुलंग' घडवला. मचाणावर धान राखणाऱ्याचा डोळा मिटतो, पण एक कान रानडुकरांकडे असतो, ती झोप म्हणजे ढुलंग. शब्द गाण्यापेक्षा नशीबवान निघाला. पुढे मूल गावाला जाणाऱ्या बसचा कंडक्टरही पेंगणाऱ्याला विचारू लागला, "काऊन भाऊ, ढुलंग लागली का?"

मग चंद्रपूरहून प्राध्यापिका मंजुषाबाई आल्या. त्या बोलीतल्या शब्दांचा कोश करत होत्या. ढुलंग त्यांना फारच आवडली. मूळ गोंडीत असावं, म्हणाल्या, किंवा शब्द सिरोंच्याकडून तेलुगूतून आला असावा.

"बाई, तो शब्द माहा होय," मुखरूभाऊ म्हणाले. "मीच बनवला."

बाई हसल्या. "तुमचाच आहे, काका. तुम्हा सगळ्यांचा आहे."

"सगळ्यायचा नाई. माह्या एकट्याचा. त्याच्यापुढं माहं नाव लिहा."

मुखरूभाऊंना काही मागताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाईंनाही ते जाणवलं असावं. पण त्या पद्धतशीर. म्हणाल्या, वडीलधाऱ्यांना विचारून घेऊ. गावात सर्वांत म्हातारे लटारूभाऊ, त्यांना बोलावलं.

"ढुलंग? माहा आजा म्हणे न," लटारूभाऊ म्हणाले. "वाघाच्या वाटेवर बसे तवा."

"तुहा आजा वाघाच्या वाटेवर बसे तवा मी कुठी होतो?"

"तेच त सांगून राह्यलो. तू नोयतास."

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी रुखमाबाई चहा घेऊन आल्या. "माही मायबी म्हणे," त्या म्हणाल्या.

"तुही माय गेली तवा हा शब्दच नोयता."

"मंग तिले काय ढुलंग लागतच नोयती?"

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. गाणं रचलं तेव्हा मी समोर होतो, शब्द भाऊंचाच आहे, असं मी सांगितलं. पण मी हळू बोलतो, आणि तोवर लटारूभाऊंच्या गोष्टीत वाघ आला होता.

कोश छापून आला. 'ढुलंग: सावध झोप. मूळ अतिप्राचीन.' खाली उदाहरण म्हणून भाऊंचीच ओळ, आणि तिच्यापुढे 'लोकगीत, कवी अज्ञात.'

प्रकाशनाला भाऊंना बोलावणं आलं, लोककलावंत म्हणून, ते गाणं म्हणायला. बसमध्ये ते मला म्हणाले, "आज माईकवरच सांगतो."

आणि सांगितलं. गाणं झाल्यावर माईक सोडला नाही. "हे गाणं माहं होय," म्हणाले. "शब्दबी माहा होय. मीच बनवला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंजुषाबाईंनी डोळे टिपले. "पाहा," त्या लोकांना म्हणाल्या, "परंपरा अंगात भिनली की ती अशी स्वतःची वाटायला लागते." मग शाल आणि श्रीफळ.

यंदाच्या दंडारीत त्यांनी नवं गाणं आणलं. आदल्याच आठवड्यात ओसरीवर जुळवताना मी ऐकलं होतं. उभे राहिले आणि म्हणाले, "हे लय जुनं हाये. आपल्या बापजाद्यायचं."

एरवी गाण्यात बिड्या पेटवणारे, गप्पा मारणारे लोक चूप झाले. रुखमाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. लटारूभाऊ डोळे मिटून मान डोलावत होते, आणि दुसऱ्या कडव्यापासून ते सोबत म्हणूही लागले.