चायनीज शेरचं फ्युचर

माझ्या मुलीचं लग्न एका चिनी माणसामुळे मोडायला आलं होतं, आणि तो माणूस हजार वर्षांपूर्वीच मेलेला होता.

आजही आठवलं की डोकं फिरतं. चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. चूक भाषेची होती. एकाच शब्दाला दोन-दोन अर्थ लावून ठेवणाऱ्यांना खरं तर दंड केला पाहिजे! (मी चौथी पास आहे. पण चौथी जुनी. आजच्या बी.ए.ला ऐकत नाही.)

दुबईला अल कुसैसमध्ये माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. मुलगी मीनल दुबईत जन्मली, दुबईत शिकली, आणि एका चिनी खेळण्यांच्या कंपनीत नोकरीला लागून चिनी बोलायला लागली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि फोनवर चिनीत हसायची. आलेल्या प्रत्येक स्थळाला "नो". दोन हजार साल उलटल्यावर फुजैराहून मोहित्यांचं स्थळ आलं. मोहिते तिथल्या बंदरात तेलाच्या टर्मिनलवर साहेब, मुलगा निखिल इंजिनिअर. मीनल त्याला भेटून आली आणि म्हणाली, "ही इज ओके, बाबा."

ओके! आमच्या हिने त्या दिवशी शिरा केला.

पण मोहिते होकार देईनात. फोन केला की म्हणायचे, "बघू, इन्शाल्ला." मोहित्यांच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे नकाराला घातलेलं सीट कव्हर! सीट कव्हरवाल्याची पोरगी त्यांना हलकी वाटत होती, दुसरं काय!

अशात एके संध्याकाळी मीनल ऑफिसातल्या नगमा नावाच्या लखनौच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो. आवाज माझ्या कानात आला.

"अरे यार, क्लासिकल चायनीज शेर का मॉडर्न लाइफ में बहुत फ्यूचर है! लोगों को पता ही नहीं! शुक्रवार को मैं यही तो बोलनेवाली हूँ, ऊद मेथा के हॉल में."

शेर! माझी पोरगी शेरबाजारात उतरली होती, आणि बापाला पत्ता नाही! छाती अशी फुगली की बनियन कमी पडली.

"अहो, तिला नीट विचारा तरी," ही म्हणाली.

"बापाने मुलीला विचारायचं? मी काय अडाणी वाटलो?"

"वाटलात असं नाही..." एवढंच म्हणून ही आत गेली.

मी फुजैराला फोन लावला. "मोहितेसाहेब, एक सांगायचं राहिलं. मुलगी शेरमध्ये आहे."

"काय सांगता घागसाहेब! कुठले शेर?"

"चायनीज."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कंपनी कुठली?"

"दोन आहेत. एक क्लासिकल चायनीज. फार जुनी. दुसरी मॉडर्न लाइफ."

"मॉडर्न लाइफ म्हणजे इन्शुरन्स असणार!"

"मग काय तर!" (ह्यात मी खोटं काय बोललो? त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.)

"आणि फ्युचर?"

"भरपूर आहे. लोकांना माहीत नाही एवढंच."

"अहो, लोकांना माहीत नाही तेच तर घ्यायचं असतं!" मोहिते किंचाळले. इन्शाल्ला-बिन्शाल्ला सगळं गायब!

"मग शुक्रवारी निखिलला घेऊन इकडे दुबईत ऊद मेथाच्या हॉलवर या. तिचं त्यावरच भाषण आहे. ऐका आणि घ्या!"

आता एवढी मोठी गोष्ट एकट्याने पोटात ठेवायची म्हणजे अपचन. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, समोरच्या गॅरेजवाल्याला सांगितलं. शुक्रवारी आमचा शेजारी, दापोलीचा इब्राहिमभाई, ह्याची व्हॅन खच्चून भरली. मीनल आधीच पुढे गेली होती.

"काय रे दत्ताराम, शेर म्हणतोस, मुशायरा आहे काय?" इब्राहिमभाईने विचारलं.

"मुशायरा कसला! बाजार आहे बाजार! तू स्टिअरिंग बघ!"

हॉलमध्ये मोजक्याच खुर्च्या मांडलेल्या होत्या. आम्ही शिरलो तशी धावपळ झाली. मोहिते टाय लावून, बंदरातले चार मित्र घेऊन पहिल्या रांगेत. स्टेजवर मागे एक चित्र होतं. डोंगर, ढग आणि लांब दाढीचा म्हातारा.

"हे कोण?" मोहित्यांनी हळूच विचारलं.

"चेअरमन," मी म्हटलं.

मीनल स्टेजवर आली, आम्हाला सगळ्यांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला, आणि तिने चिनीत काहीतरी लांबच लांब, गाणं म्हटल्यासारखं म्हटलं. मग नगमाने तेच उर्दूत म्हटलं. मग मीनल समजावायला लागली. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एक सरकारी कारकून होता, दूर सरहद्दीवर बदली झालेला. बायकोने घरून कापूस भरलेला कोट शिवून पाठवला. वाट इतकी लांब, की कोट पोचला तोवर उन्हाळा आला. त्याने तो तसाच घातला. सगळी छावणी हसली.

"भाव कधी सांगणार?" मोहित्यांनी विचारलं.

तेवढ्यात मागून इब्राहिमभाई हसत ओरडला, "अरे दत्ताराम, हे शेर म्हणजे शायरी! कविता रे, कविता!"

मोहिते उभे राहिले. मान, कान, टाय, सगळं लाल.

"घागसाहेब! फुजैराहून डोंगर ओलांडून कविता ऐकायला बोलावलंत आम्हाला? चल निखिल, यल्ला! हे स्थळ खलास!"

स्टेजवर मीनलच्या डोळ्यांत पाणी. माझ्या अंगाची लाही लाही. पण ओरडायचं कुणावर? मोहित्यांवर ओरडलो तर लग्न गेलं, मुलीवर ओरडलो तर मुलगी गेली. राहिला तो कारकून!

"मूर्ख आहे तो!" मी खुर्चीवर चढून गरजलो. "भर उन्हाळ्यात कापसाचा कोट? अक्कल गहाण टाकली होती काय?"

"अगदी बरोबर!" मोहिते दारातून ओरडले. "थंडी येईपर्यंत पेटीत ठेवायचा!"

मोहिते माझ्याशी सहमत! आता हे मला कसं चालणार? मी तिथल्या तिथे बाजू बदलली.

"पेटीत? बायकोने शिवलेला? ती डोळे फोडून टाके घालणार, आणि हा पेटीत ठेवणार?"

"मग घामाने मरायचं का?"

"मरायचं!"

"मी घातलाय!" इब्राहिमभाई उठला. "बायकोने दापोलीहून स्वेटर पाठवलेला. एसीपुढे बसून घातला, काय करणार! ती फोनवर विचारायची, घातला का म्हणून."

"सरहद्दीवर उंचावर गार असेल," गॅरेजवाला म्हणाला.

"उन्हाळा होता म्हणाली ना ती! ऐकत जा!" मोहित्यांचाच मित्र त्याच्यावर खेकसला. अख्खा हॉल भांडू लागला. शेरबाजार कुणाला आठवेना.

मी खुर्चीवरून बोट रोखलं. "मोहितेसाहेब, बाकी सोडा! माझ्या मुलीने असा कोट पाठवला तर तुमचा मुलगा घालणार की नाही, एवढं सांगा!"

"नाही घालणार! आमच्या घरात असला वेडेपणा चालत नाही!"

"आय वुड वेअर इट, पप्पा," निखिल म्हणाला.

मोहिते गर्रकन वळले. "ऑगस्टमध्ये?"

"इन ऑगस्ट."

मीनलने हातातल्या कागदामागे तोंड लपवलं. मोहित्यांनी मुलाकडे बघितलं, मीनलकडे बघितलं, टाय सैल केला आणि धप्पकन खुर्चीत बसले. "हा तर आत्ताच घामाघूम झालाय," ते म्हणाले. "घागसाहेब, खाली उतरा. मुहूर्त बघू."

परतताना व्हॅनमध्ये मीनल म्हणाली, "बाबा, यू थॉट शेर मीन्स शेअर्स?"

"मुळीच नाही! मला पहिल्यापासून माहीत होतं."

"देन व्हाय डिड यू टेल निखिल्स फादर 'घ्या'? ही टोल्ड मी!"

"ऐकून घ्या, म्हटलं होतं!"

ती हसली. ही हसली. इब्राहिमभाईने तर व्हॅन बाजूला लावली आणि हसला. संतापलेला काय तो मी एकटा! कारण त्या कारकुनाचं पुढे काय झालं, हे आमच्या भांडणात ऐकायचंच राहून गेलं होतं, आणि आता कुणाला विचारायचीही सोय उरली नव्हती. विचारणार कसं? मला तर पहिल्यापासून माहीत होतं!