वंशावळीत नसलेली सोयराबाई

उजव्या डोळ्याला भिंग लावा. समोर मनगटी घड्याळ उघडून ठेवलंय. तिळापेक्षा लहान स्क्रू चिमट्यात धरून त्याच्या जागी बसवायचाय. आता अशी कल्पना करा, की नेमका हाच डोळा लाल झालाय, दिव्याकडे बघवत नाही आणि स्क्रू धुक्यात गेल्यासारखा दिसतोय.

राजाजीनगरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या खंडोजीअण्णांना हे दोन वर्षांत तीनदा झालं. पहिल्या दोन वेळा त्यांनी डोळे आलेत असं समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि आपला टॉवेल वेगळा ठेवला. काळा चष्मा लावलेला बघून त्यांची नऊ वर्षांची लेक रक्षिता त्यांना ‘हीरो’ म्हणून चिडवायची. तिसऱ्या खेपेला दुखणं सोसेना, तेव्हा ते डोळ्यांच्या डॉक्टर संहितांकडे गेले.

डॉक्टरांनी डोळा तपासून चौकशी केली ती कमरेची. सकाळी उठताना आखडते का? आखडायची, पण दिवसभर वाकून बसल्यामुळे, असं अण्णा धरून चालले होते. रक्ततपासणीत एचएलए-बी२७ निघालं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा कधी कधी आपल्याच डोळ्यावर, सांध्यांवर उलटते आणि हे जनुक असलं की तो धोका वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. सूज उतरवणारं औषध वेळेत मिळालं होतं, नजर परत येणार होती. अण्णांना मात्र एकच विचारायचं होतं, रक्षिताला होईल का?

“जनुक तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. असलं तरी बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. घरात आणखी कुणाला होतं?”

कुणालाच नाही, असं सांगून पुढच्या भेटीला अण्णा पुरावाच घेऊन गेले. दसऱ्याला पूजेत ठेवतात ती अकरा पिढ्यांची वंशावळ. डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत वाचली.

“अण्णा, अकरा पिढ्या पुरुषांनीच पोरं जन्माला घातली का?”

अण्णा वरमले आणि त्याच रविवारी महादेवपुऱ्याला सत्यवतीआत्यांकडे गेले. एक्क्याऐंशीच्या आत्या ताठ बसून तांदळातले खडे वेचत होत्या. त्यांनी आपल्या आईबद्दल, अण्णांच्या आजीबद्दल सांगितलं. सोयराबाईंचा डोळा वर्षातून एकदोनदा लाल व्हायचा. त्या पडदे ओढून बसायच्या. कामाच्या वेळेलाच हिचे डोळे येतात, असं घरातले म्हणायचे. कंबर वाकली, पुढे एक डोळाही गेला.

“औषध कुणी आणलं नाही रे. लिही आता तिचं नाव. आणि माझंही रक्त स्वल्प, थोडंसंच, काढा म्हणावं. बघू तरी.”

गरज नाही म्हणून डॉक्टर सांगत होत्या, पण आत्या हटल्या नाहीत. अहवाल आला. जनुक आत्यांमध्येही होतं. डोळ्याची किंवा कमरेची तक्रार मात्र त्यांना आजवर एकदाही झाली नव्हती.

रक्षिताची तपासणी आत्ता नको, तिचा डोळा लाल होऊन उजेड सोसेना तर औषधाच्या दुकानात न जाता त्याच दिवशी इथे या, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णांनी वंशावळीत शाईनं तीन नावं लिहिली. सोयराबाई, सत्यवती, रक्षिता. आता भिंग पुन्हा उजव्या डोळ्याला लागतं. आणि प्रत्येक तपासणीला ते डॉक्टरांना तेच विचारतात, “आजीत होतं, आत्यातही आहे. मग आत्याला कशानं वाचवलं?”