कपाटाचं निमित्त

नाव भीमराज आणि दळणाचा डबा उचलायची चोरी! आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. बीडकडचा हा गडी चाकणच्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला. हर्नियानं त्याला तीनदा गाठलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि यंदा पुन्हा उजवीकडेच, पहिल्या ऑपरेशनात आत बसवलेल्या जाळीच्या कडेनं.

हे असं का होतं, यावर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये परिषदच भरायची. कुणी म्हणे रस्त्यातल्या खड्ड्यांनी, कुणी म्हणे तरुणपणी लंगोट लावला नाही म्हणून. घरी सासूबाईंनी तर बेंबी सरकली असं ठरवून पोट चोळूनही घेतलं. भीमराज सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, पण त्याचा गुन्हेगार केव्हाच ठरला होता. ज्योतीराम.

ज्योतीराम त्याच्याच गावचा, इथंही शेजारच्या खोलीत राहणारा. खोली बदलताना दोघं लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवत होते. ज्योतीरामचा हात सुटला, सगळा भार भीमराजवर आला आणि थोड्याच दिवसांत जांघेत पहिली गाठ दिसू लागली. झालं! "यानं माझं वाटोळं केलं," हे भीमराज येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा, तेही ज्योतीरामच्या तोंडावर. तो बिचारा मान खाली घालायचा आणि गॅसची टाकी उचलून आत नेऊन ठेवायचा. पाण्याचे हंडे, गव्हाचं पोतं, दवाखान्यात सोबतीला थांबणं, सगळं त्याच्याकडे. भीमराजही खुशाल करून घ्यायचा. पाप त्याचं, फेडू दे त्याला.

यंदा पिंपरीच्या दवाखान्यात तपासताना डॉक्टरबाईंनी वडिलांची चौकशी केली. वडील जन्मभर कमरेखाली घट्ट फडकं बांधून हिंडायचे, हे भीमराजला तेव्हा आठवलं. बाई म्हणाल्या, तुमच्या घराण्यात पोटाची भिंत मुळातच नाजूक दिसते, त्यात तुमचा विडीचा खोकला. कपाटाचं निमित्त झालं. आज ना उद्या हे होणारच होतं.

भीमराजला वेगळीच धास्ती पडली. ऑपरेशनची भीती नव्हती, त्याची आता सवय झाली होती. पण ज्योतीरामचा दोषच नाही म्हटल्यावर तो कशाला येईल उंबऱ्यात? हे त्याला सांगावं की नाही, असं त्यानं बायकोला, पूनमला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. इतकी वर्षं छळलंत त्या माणसाला.

ऑपरेशननंतर ज्योतीराम शहाळं घेऊन आला. भीमराजनं खालमानेनं सगळं सांगून टाकलं.

ज्योतीराम शहाळ्यात नळी खोचत म्हणाला, "मला ठावं हाय. पहिल्याच वेळी डॉक्टर बोलले होते. तू गुंगीत होतास."

"मग माझ्या शिव्या कशाला खाल्ल्यास?"

"न्हाईतर तू मला टाकीला हात लावू दिला असतास का, लेका?"

 कुणाचे उपकार घेणं म्हणजे भीमराजला मरणच. ज्योतीरामनं हे त्याच्याआधी ओळखलं होतं. आपण किती नशीबवान, या विचारानं भीमराजला हुंदका आला. टाके ओढले गेले, तरी तो रडला.

मग डोळे पुसून त्यानं हात पुढं केला.

"ज्योत्या, मला जरा उठवून बसव."

आजवर त्यानं असं कुणालाच म्हटलं नव्हतं.