तापाचा नकाशा काढणारे विनायकराव

विनायकराव डॉक्टर वाडीत शिरले की रामराम घालायच्या आधी दिसेल त्या पोराला जवळ ओढत आणि त्याच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबून बघत. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागली की विचारत, "पाणी कुठल्या ओढ्याचं?" बाया घाबरून पोरं लपवायच्या. मी सुप्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागून हिंडायचो आणि बायांची समजूत घालायचो.

त्या काळी हिवतापानं सुप्याकडच्या वाड्याच्या वाड्या ओस पडत होत्या. कारण शोधायला इंग्रज सरकारनं बेळगावाहून विनायकरावांना धाडलं. ते म्हणायचे, "कोयनेल देणं म्हणजे गळक्या घरात भांडं ठेवणं. कौल कुठं फुटलंय ते आधी बघू या." दोन हिवाळे आम्ही रान तुडवलं. जिथं पोरांची पोटं वाढलेली, तिथं ते नकाशावर तांबडा ठिपका देत. ठिपके सगळे झाडीनं झाकलेल्या ओढ्यांच्या काठाकाठानं गेले. उघड्या चढावरच्या वाड्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या.

गुंद गावाजवळच्या एका वाडीत देवू नावाचा शेतकरी होता. तापानं त्याचे दोन मुलगे गेले होते, उरलेली मुलगी अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर त्याला म्हणाले, "देवू, घरं वर चढावर न्या. पोरं जगतील."

"व्हय, पर वरचं रान सरकारचं. कुऱ्हाड लावली तर बेड्या पडतील, डाक्टरसायेब."

"परवानगी मी आणतो."

त्याच दिवशी देवूची बायको पुतळी चढावर जाऊन चुलीची जागा ठरवून आली.

नकाशा वर सरकारकडं गेला. साहेब लोकांनी तो वाखाणला आणि वर्षभरानं हुकूम आला. तांबड्या ठिपक्यांच्या भागात पावसाळ्यात एकाही सरकारी माणसानं राहू नये, कचेऱ्या उघड्या मुलखात हलवाव्यात. वाड्यांबद्दल शेवटी एकच ओळ होती : राखीव रान तोडता येणार नाही.

डॉक्टर ते सांगायला स्वतः वाडीत गेले. तोवर देवूची मुलगीही गेलेली होती. देवूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे हितं मानूस मरतंय, ह्ये सरकारला आता ठावं हाय."

 

पावसाळ्याच्या तोंडी कचेरी हलली. मी म्हटलं, "डॉक्टर, चला. हुकूम आहे."

"हुकूम माझ्याच कामावरून निघालाय, रे. त्याचा फायदा मीच कसा घेऊ?"

ते राहिले, म्हणून मीही राहिलो. श्रावणात त्यांनाही तोच ताप भरला, लघवी काळी झाली, म्हणजे ताप जिवावर आला. आम्ही त्यांना डोलीत घालून कॅसलरॉकच्या स्टेशनाकडे निघालो. डोलीला खांदा द्यायला देवू आला होता. न सांगता आला होता. गाडी यायच्या आधीच फलाटावर डॉक्टर गेले.

देवूनं मुंडासं सोडून त्यांच्या तोंडावर पांघरलं. "चांगला मानूस," तो म्हणाला, "पर उपेग न्हाई झाला."

पुढच्या सुगीला मी देवूच्या वाडीत गेलो, तर दारं उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. वर चढावर, पुतळीनं ठरवलेल्या चुलीच्या जागी, रान तसंच उभं होतं.