थोडाच हाय

उत्तनच्या आमच्या बंदरावर कुणीही मासळी किती मिळाली ते खरं सांगत नसे. पाट्या काठोकाठ भरलेल्या असल्या, तरी कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, “थोडाच हाय.” दर रविवारी चर्चला जाणारी माणसं आम्ही, पण दृष्ट लागण्याची भीती आमच्याही घरात होतीच.

मॅट्रिक झाल्यावर मी एसटीनं भाईंदरला इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. मला ऑफिसातली नोकरी हवी होती, नाहीतर जन्म बोंबील वाळवण्यात जाणार होता. क्लासच्या बाईंनी कमी-जास्त सांगायच्या शब्दांच्या जोड्याच पाठ करून घेतल्या. ‘अ लार्ज क्वांटिटी’, ‘अ कन्सिडरेबल अमाउंट’, ‘अ ग्रेट डील’, सगळ्यांचा अर्थ भरपूर. मी त्या जोड्या एसटीत मोठ्यानं घोकायचे आणि शेजारची बाई जरा सरकून बसायची. मला तेवढीच ऐसपैस जागा.

पुढं भाईंदरच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याला टायपिस्ट हवी होती. टायपिंग शिकून झालं होतं, मी अर्ज घेऊन गेले. शेठनी इंग्रजीत पहिलाच प्रश्न केला, इंग्रजी किती येतं? एवढं घोकलं होतं, पण तोंडातून घरचंच वळण बाहेर पडलं.

“अ व्हेरी स्मॉल अमाउंट, सर.”

शेठनी माझा अर्ज बाजूला सारला. “तो फिर आयी क्यों, बेटी?”

नोकरी गेलीच होती, म्हणून मग भीड सोडली आणि इंग्रजीतच सुरू झाले. आमच्याकडे लार्ज क्वांटिटी आली तरी स्मॉल म्हणतात, कन्सिडरेबल अमाउंट असली तर हटकूनच, आणि दृष्टीला आम्ही अ ग्रेट डील घाबरतो. शेठ हसता हसता चष्मा पुसू लागले. “सोमवारसे आ जाओ.”

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा अंगणात जाळं विणत होते. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला जरा वाईटच वाटलं. इतक्यात शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. “पोरीला इंग्लिश येतं का न्हाय?”

बाबांनी जाळं खाली ठेवलं.

“भरपूर हाय,” ते मोठ्यानं म्हणाले.

माझे डोळे भरून आले. आई लगबगीनं मीठ-मिरच्या आणायला आत गेली.