एका वेळी एक शब्द

तिकीट विकणाऱ्या बाईला ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’ यांतला फरक आलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं, सांगाल मला?

मांडव्याच्या जेटीवर एका बोटवाल्याकडे तिकीटखिडकीची जागा निघाली होती. उन्हात मासळी सुकवून माझ्या आत्याचे डोळे सारखे चुरचुरायचे. तिला ते सावलीतलं काम हवं होतं. पण आधी सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांची लेखी परीक्षा. मला संताप आला. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी प्रचाराची पत्रकं आली. बाबा ती जमिनीवर पसरून घड्या घालायचे आणि मी त्यांवरून अक्षरं शिकले. आत्यासाठीही मी पत्रकच काढलं. वीस जोड्या, लाल शाईत, समोरासमोर उभ्या केलेल्या, जणू दोन पक्ष.

तीन आठवड्यांत तिला जे येत होतं तेही येईनासं झालं.

“अगो बाय, तू तं सगला एकाच पाटीत ओतलास,” ती म्हणाली. “पाला नि भिंग, दोन्ही मासे दिसायला सारखेच. नव्या सुनेला आम्ही दोन्ही एकदम दावतो का? पैला नुसता पाला. तो हाताला कलला का मंग भिंग. पत्रकात ह्या न्हाय लिवत वाटतं?”

मी पत्रक गुंडाळून ठेवलं. चार दिवस आम्ही एकच शब्द घेतला. क्वाएट, म्हणजे शांत. भरती थांबलेली असते, ओहोटी अजून लागलेली नसते, तेव्हा रेवदंड्याच्या खाडीत होड्या जागच्या जागी उभ्या राहतात. बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबीलही हलत नाहीत. आम्ही पाण्यात पाय सोडून बसायचो. ती ओल्या वाळूत बोटाने तो शब्द लिहायची, तळव्याने पुसायची, पुन्हा लिहायची. बोलावंसं वाटायचं नाही. आपण शिकतोय की डुलकी लागलीय, तेही कळायचं नाही.

पाचव्या दिवशी मी शेजारी दुसरा शब्द लिहिला. क्वाइट, म्हणजे अगदी. तिने वाकून पाहिलं.

“हा तो न्हाय,” ती म्हणाली. “हा कोन?”

परीक्षेपर्यंत चारच जोड्या झाल्या. तेवढ्या तिने बरोबर लिहिल्या, बाकीची पानं कोरी दिली. खिडकीत दुसरीच कुणी बसली. ते तीन आठवडे माझ्या पत्रकाने खाल्ले, आत्याच्या डोक्याने नव्हे. आता पुन्हा जागा निघेल तेव्हा ती परीक्षेला बसणार आहे. रोज दुपारी खाडीवर असते.

तुमच्या घरातही कुणी असं शिकत असेल, तर आज त्यांच्या हाती एकच शब्द द्या. दुसरा त्यांनी विचारल्याशिवाय देऊ नका.